डाव्यातला फोटो

नाही, एकटा डावा कॅमेरा मिळणार नाही — सांगितलं ना! चपला घ्यायला गेलात की डाव्या पायाचीच मागता का? आणि विकायची जाहिरात वहिनीनं दिली, मी नाही. दादाला जाऊन महिना नाही झाला, हिला कपाट रिकामं करायचंय — करू दे, तिचं तिला. आधी कॅमेरे बसवलेल्या त्या पट्टीवरचा हात काढा. स्क्रू फिरवू नका म्हणतोय ना! दोन्ही कॅमेरे एका रेषेत आणायला दादानं अख्खा रविवार घातलाय, केसभर हललं तरी चित्रं जुळत नाहीत.

हसताय कशाला? मला काय कळतंय, म्हणून? सातवीत शाळा सोडली मी, शास्त्रबिस्त्र नाही येत. पण एवढं येतं — एक बटण, दोन वायरी, दोन्ही कॅमेरे एकदम उडतात, एकाच क्षणी दोन फोटो. एक फोटो डाव्या डोळ्याचा, एक उजव्या. शेजारीशेजारी ठेवायचे अन् दोन भिंगांच्या त्या डब्यातून बघायचं — सगळं उठून समोर येतं. फळीवरच्या बरण्या अशा यायच्या, की आई खरंच हात पुढे करायची. दादा पोट धरून हसायचा.

कसला डाग? चिकटपट्टीचा आहे तो. तुम्हाला काय करायचंय? दादा लावायचा. भिंगाच्या बाजूला बारीक खटका आहे, तो हलू नये म्हणून. हलला की कॅमेरा स्वतःच फोकस शोधत बसतो अन् उशिरा उडतो. उजव्यावर पट्टी आहे बघा अजून. डाव्यावरची निघाली. निघाली म्हणजे — काढली कुणीतरी. मी काढली, झालं समाधान? मित्राच्या नव्या मोटरसायकलचे फोटो काढायचे होते, नेला न विचारता. परत आणून जागेवर बसवला, खटका हललेला तसाच राहिला. आता पोलिसात देताय का मला?

दादा स्वतः कधी फोटोत नसायचा — कसा असणार, काढणारा तोच. दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी म्हणाला, "आज तू दाब रे, ठोंब्या." खिडकीपाशी खुर्चीत बसला. हसला. मी दाबलं. उजवा उडाला. त्याला वाटलं, झालं — हसणं टाकलं त्यानं, कुशीत हात दाबला, तोंड असं — असं झालं त्याचं. अन् मग डावा उडाला.

डब्यातून बघितलं ना, खुर्ची उठून येते, खिडकीचे गज येतात, तो येत नाही. एका डोळ्याला हसतोय, दुसऱ्याला... चेहरा ठरतच नाही, नुसता थरथरतो. डोळे दुखेपर्यंत बघितलं मी. चार महिने "काही नाही रे, पित्त आहे" म्हणत होता, आम्ही मानत होतो. आई अजून म्हणते, माझं लेकरू शेवटपर्यंत हसत होतं. वहिनीपण तेच धरून बसलीय. तो फोटो मी एकट्यानं —

अहो, चालू कशाला केलात? कार्ड आतच आहे! बंद करा. बंद करा म्हणतो ना! ... बघितलात? काय मिळालं बघून? द्या इकडे. एक शब्द बोलू नका, सॉरीबिरी तर मुळीच नको. उठा. चला, निघा, जिन्यात पावलं वाजतायत. निघा हो —

कुणी नाही, वहिनी. पत्ता चुकलेत. जातायत ते.