शिंग फुंकणारा मावळा

अरे, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आठवतात ना? आता सगळे प्लास्टरचे आलेत. मला मात्र पेणच्या दामूकाकांचेच लागायचे, कारण त्यांचा शिंग फुंकणारा मावळा खरंच गाल फुगवून उभा असायचा! माझ्याकडे एकच उरलेला, तोही हात मोडलेला. म्हणून पेणला त्यांच्या कारखान्यात गेलो, तर तिथले कारागीर म्हणाले, "काकांनी काम सोडलं. लेकीकडं रोह्याला असतात."

गेलो रोह्याला. रुमालातून मावळा काढून दिला. "काका, हुबेहूब असाच एक करून द्या."

काकांनी उलटसुलट बघितला. "माझाच हाय," म्हणाले, आणि शेजारच्या बादलीत टाकला!

"अहो काका!"

"वरडतोस काय? मोडका ठेवू नाय. कच्ची माती हाय, भिजली की त्याचाच नवा करतो."

भिजल्यावर माती मळून मावळा करायला बसले. पण हात एवढा थरथरत होता की गाल काही फुगेनात. तीनदा केला, तीनदा मोडला. लेक आतून म्हणाली, "बाबा, राहू द्या ना."

शेवटी तो मातीचा गोळाच माझ्या हातात दिला. वर बघितलंच नाही.

यंदा किल्ल्यावर तो गोळाच ठेवला. शेजारची पोरं विचारतात, हा कोण? मी सांगतो, शिंगवाला.