पस्तीस वर्षांच्या गाडीचं ऑइल

सुट्या भागांच्या दुकानात टॅक्सीवाल्याचा नंबर दुसरा होता. घाई त्याला होतीच, पण पुढचे पिकल्या केसांचे काका बोलायला लागले आणि त्याने कान टवकारले.

“स्पोर्ट्स कारचं इंजिन ऑइल द्या. सगळ्यात भारीतलं.”

“गाडी किती जुनी, काका?” दुकानदाराने विचारलं.

“पस्तीस वर्षं.”

“मग भारीतलं पातळ ऑइल कशाला? जुन्या इंजिनातून गळेल. साधं, दाट घ्या.”

“गळलंच हो! मागच्या खेपेला हौसेने तेच ओतलं. अर्धं इंजिनाने प्यायलं, अर्धं फरशीने.”

“धावते किती?”

“वर्षाला नऊ किलोमीटर. त्यातले चार ढकलत.”

“आणि ऑइल कधी बदलता?”

“दर सहा महिन्यांनी! स्वतःच्या गोळ्या विसरतो, पण हे नाही.”

“अहो, मग चालवत का नाही?”

“सीट पार जमिनीला टेकलेली. बसायला जमतं, उठायला बायकोचा हात लागतो.”

“काकू देतातच ना हात?”

“ती म्हणते, आधी ‘गाडी विकतो’ म्हणा, मग ओढते.”

“मग?”

“काल सकाळी बसलो. दुपारचं ताट तिने खिडकीतून आत दिलं. तुम्ही दाटच द्या, पाच लिटर.”