मागं टाळकरी नसताना

(पारनेर. देवळाचा ओटा, दुपार. कीर्तनकार कानिफनाथबुवा आणि मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेला त्यांचा मुलगा सहादेव.)

कानिफनाथ : आन् कागदभर नुसते कंसच? कोंबड्यांची खुराडी मांडतो का काय?

सहादेव : भाषा आहे ती, आप्पा. लिस्प. आमच्या संस्थेतल्या गणकयंत्राला सांगायची. सोमवारी साहेबांपुढं चालवून दाखवायचंय. नाही चाललं तर पुन्हा जुन्या खात्यात टाकतील.

कानिफनाथ : मलाबी सांग की. तेवढं डोकं हाय अजून.

सहादेव : सगळं यादीत मांडायचं. यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात आणखी एक. प्रत्येकीला कंस. यंत्र आतली आधी सोडवतं, मग एकेक पायरी बाहेर येतं.

कानिफनाथ : म्हंजी कथेतली कथा.

सहादेव : तसंच समजा. पण एक कंस मिटायचा राहिला की सगळं फुकट. भोकं पाडलेली कार्डं आत द्यायची, उत्तर दुसऱ्या दिवशी. आणि उत्तर काय, तर चुकलं.

कानिफनाथ : मंग शिकला कसा?

सहादेव : चुकत. आधी पानभर लिहायचो, कुठं बिघडलं ते कळायचंच नाही. आता लहान तुकडे करतो. एका तुकड्याला एकच काम. तो एकटा चालवून बघायचा, मगच दुसऱ्यात घालायचा. आणि तुकडा स्वतःलाच पुन्हा हाक मारणारा असला, तर थांबायचं कुठं ते सगळ्यात आधी लिहायचं. यादी रिकामी झाली की थांब. नाहीतर तो आत आत जातच राहतो.

कानिफनाथ : माझ्यावानी.

सहादेव : मी असं म्हटलं नाही.

कानिफनाथ : तू कशाला म्हनतो? काल कीर्तनात राजाची कथा काढली, तिच्यात त्येच्या गुरूची, गुरूवरनं पारध्याची. अभंगावर माघारी यायची वाटच घावंना. लोकं चपला हुडकाया लागली. बनुबाई नातू काखंत मारून निघाली. दिसत हुतं न्हवं तुला?

सहादेव : दिसत होतं.

कानिफनाथ : गळ्यात टाळ घालून माझ्या मागं हुबा हुतास. टाळकरी कशाला आसतो रं? बुवा भरकटला की ध्रुपद धराया. एक चरन उचलला आसतास, तर आलो आसतो माघारी.

सहादेव : उचलला होता एकदा. काष्टीच्या सप्ताहात.

कानिफनाथ : ते आता कशाला?

सहादेव : भर मंडपात थांबवलंत मला. 'बुवा तू का मी?' म्हणालात. टाळ काढून घेतलेत. अख्खी काष्टी हसली.

कानिफनाथ : तवा मी भरकटलो न्हवतो.

सहादेव : भरकटला होतात. मला एकट्यालाच कळलं होतं.

कानिफनाथ : इतकी वर्सं जपून ठिवलंस. आन् काल देवाच्या दारात काढलंस व्हय?

सहादेव : तोंड उघडलं होतं, आप्पा. आवाज फुटला नाही.

कानिफनाथ : खोटं.

सहादेव : अर्धं.

कानिफनाथ : ... आज काष्टीलाच कीर्तन हाय. तीच लोकं. ऱ्हातो हुबा मागं?

सहादेव : चारची एस.टी. आहे. सोमवारी मला—

कानिफनाथ : व्हय, व्हय. तुझं यंत्र. ते हरवलं तर त्येच्या मागं कोन आसतं?

सहादेव : कोणी नाही. ते हरवत नाही. हरवतो तो लिहिणारा.

कानिफनाथ : मंग त्यो काय करतो?

सहादेव : कंस उघडला की त्याच क्षणी मिटणाराही लिहून टाकायचा. मधलं मागनं भरायचं.

कानिफनाथ : आधी मिटवायचं.

सहादेव : हो.

कानिफनाथ : बरं हाय. मंग आज शेवटचा चरन पयलाच म्हनून घेतो.

सहादेव : आप्पा, शेवट आधीच ऐकला तर लोक उठून जातील.

कानिफनाथ : जाऊंद्यात. मागं कुनी नसलं की आसंच म्हनावं लागतं. जा, यष्टी चुकंल तुझी. टाळ तेवढा खुंटीला आडकव.