अडवलेला वाटा

१९५३ सालची गोष्ट, ऐन माघातली थंडी. भोर-वेल्ह्याकडच्या सहा गावांनी मिळून भोरात एक घर चालवलं होतं. निराधार बाया आणि हाताबाहेर चाललेली पोरं तिथं राहायची. दर सुगीला प्रत्येक गाव आपल्या वाट्याचा तांदूळ द्यायचं. "चोरट्यांना पोसायचं न्हाई," असं सांगून आमच्या गावचा वाटा मीच अडवला. तसं तोंडावर सांगायला भोरलाही गेलो.

पंगत बसली होती. पंगतीत माझी थोरली लेक शेवंता, शेजारी तिची दोन लेकरं. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"तू हितं?"

"नवऱ्यानं हाकललं, आबा. दिवाळीपासनं हितंच हाय."

"माझं घर न्हवतं?"

"सासर सोडून आलीस तर दार उघडणार न्हाई, असं तुमीच म्हणाला व्हता."

वाढणारी म्हातारी म्हणाली, "पाटील, बसा जेवायला. लाजू नका, तांदूळ तुमच्या गावचा न्हाई."

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी लेकीला न्यायला गाडी जुंपली. पण तिला गाडीत घेण्याआधी गावाचा अख्खा वाटा, माझ्या घरच्या तांदळातून, प्रत्येक माप शीग लावून त्या म्हातारीसमोर मोजून दिला.