दुखत नाही म्हणून ओरडलो

वास येतोय म्हणून नाक काय मुरडताय? चहा प्या मुकाट. वास येतोय तेच बरं आहे. आमच्या केमिकल प्लांटमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, सडक्या अंड्यासारखा वास आला की बाहेर निघा, आणि वास अचानक थांबला तर जीव घेऊन पळा. कारण गॅस गेलेला नसतो, नाक मेलेलं असतं.

आता माझं ऐका. फुप्फुसातली गाठ दुर्बिणीतून काढली. शुद्धीवर आलो तर बरगड्यांमधून नळी बाहेर आलेली, आणि दुखत काहीच नाही! हात लावून बघितला, तर उजवी बाजू जशी दुसऱ्याच कुणाची. मी बोंब ठोकली.

सिस्टर मासवण गावची. धावत आली. "काय झालं काका? दुखतंय काय?"

"नाही!"

"नाय? मग ओरडताय कशाला?"

"दुखत नाही म्हणूनच!"

डॉक्टरबाई आल्या. "अहो, बरगड्यांजवळच्या नसा इंजेक्शननं बधिर केल्यात. असर उतरेल हळूहळू. दुखायला लागलं की लगेच सांगा, सोसत बसू नका."

"आणि तोवर आत काही बिघडलं, तर मला कळणार कसं?"

"त्यासाठी आम्ही आहोत ना."

आमचा सेफ्टी ऑफिसर अगदी हेच म्हणतो! मला दरदरून घाम फुटला. संध्याकाळी पहिली कळ आली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

हसा, हसा. पण मघाशी नाक मुरडत होतात ना?

आता येतोय का वास?