दिवा पेटलेलाच

...नाही, मी काय म्हणतो, दिवा लावायचाच होता ना गाडी बनवणाऱ्यानं, तर शेजारी एक अक्षर तरी लिहायचं! नुसतं इंजिनाचं चित्र, त्याच्यात नारिंगी उजेड. अरे बाबा, काय झालंय? दुखतंय कुठं? काही नाही, दिवा पेटला, तुम्ही बसा कपाळाला हात लावून. आणि पेटला कधी, तर गाडीत केळी आणि शेजारी सासरा!

तुम्हाला सांगतो, माझी गाडी जुनी, पण इतकी जुनी नाही की तिच्यात कॉम्प्युटर नसावा, आणि इतकी नवी नाही की तो कॉम्प्युटर कुणाला कळावा. मधल्यामध्ये लटकलेली. मी पण तसाच, मधल्यामध्ये, कारण आमचे सासरे, बन्सीलालनाना, असोद्याचे, केळीच्या बागेत उभं आयुष्य गेलं, लग्नाला इतकी वर्षं झाली पण त्यांचा माल कधी माझ्या गाडीत चढला नाही. कायम गावातल्या दुसऱ्या गाडीवाल्याच्या, त्या चंदनच्या गाडीत! मी, सख्खा जावई, दारात गाडी उभी करून बघत बसायचो, आणि चंदन माझ्यासमोर केळी भरून हॉर्न वाजवत जायचा. काय वाटत असेल माणसाला? वाईट वाटायचं, दुसरं काय. शेवटी यंदा आमच्या हिनं, सुनितानं, माहेरी जाऊन शब्द टाकला, नाना तयार झाले, आणि निघताना ही मला म्हणते, "तोताराम ड्रायव्हर म्हणून नाव लावता ना, मग एवढी एक खेप सुरतेला नीट पोचवा. मी जन्मभर काही बोलणार नाही." जन्मभर! एवढं मोठं बक्षीस आजवर कुणी कुणाला दिलं नसेल.

पण नाना म्हणाले, मी संगं येतो. आले. केबिनमध्ये घोंगडी घालून बसले, पिशवी मांडीवर, आणि काठी... काठी अशी तिरपी, इंजिनाच्या झाकणावरून थेट माझ्या पायांपर्यंत. आता सासऱ्याची काठी, तिला पाय कसा लावायचा? आणि काढा कसं म्हणायचं? मी आपला पाय आखडून, काठीच्या अंगाअंगानं, तिच्या पाया पडल्यासारखा ब्रेक दाबत निघालो.

पारोळ्याच्या पुढं दिवा पेटला, आणि गाडी बसली. म्हणजे थांबली नाही, थांबली असती तर बरं, पण नुसती रांगायला लागली. कितीही दाबा, सायकलवाला बाजूनं जातोय आणि वर बघून हसतोय! मागच्या गाड्या हॉर्न मारतायत, लाइट मारतायत, एक जण तर शेजारी येऊन हातवारे करून गेला, मी म्हटलं हळू चाललोय म्हणून शिव्या देतोय, देऊ दे. आणि नाना? नाना चालत्या गाडीतून उतरायचे, मागं जायचे, एक केळ अंगठ्यानं दाबून यायचे. "जावईबापू, केयी नरम पडून राह्यली." अहो, अजून हिरवीगार होती! पण बोलणार कोण?

कसाबसा धुळ्याला पोचलो. तिथं रोहिदास मिस्त्री, माणूस हुशार, त्याच्याकडं ते स्कॅनर नावाचं यंत्र. गाडीला वायर लावायची, पडद्यावर गाडी स्वतः सांगते काय झालं. मी म्हटलं, सुटलो. कसला सुटतोय? वायरीचं तोंड चपटं, माझ्या गाडीचं सॉकेट गोल! त्यानं माणूस पाठवून कुठून तरी जोडतोंड मागवलं. तोवर नाना एकदा मागं जाऊन आले. "नरम." जोडलं. यंत्र फिरतंय, फिरतंय... रोहिदास मान हलवतो, "भाऊ, गाडी बोलत नई." अरे बोलत नाही म्हणजे काय? रुसलीये का? आणि दिवा? दिवा पेटलेलाच.

मग त्या यंत्राच्या कंपनीला फोन. तिकडून एक मुलगी, आवाज असा गोड, जसं काही तिला माझ्या केळ्यांचं आमंत्रण आहे. "सर, कृपया चावी बंद करून पुन्हा सुरू करा." केली. "सर, आता गाडीचं मॉडेल निवडा." अहो, यादीत नाहीये माझं मॉडेल! "सर, मग जवळचं निवडा." जवळचं म्हणजे? शेजाऱ्याचं? तुमचं पोट दुखतंय, डॉक्टर म्हणतो, तपासायला जवळचं कुणी आणा! "सर, आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?" आणखी? पहिली कुठं केली, ताई?

रोहिदास म्हणाला, जुनी रीत करू. ह्या गाड्यांत एक बटण दाबून धरलं की तोच दिवा लुकलुकतो, किती वेळा लुकलुकला ते मोजायचं, त्यावरून बिघाड कळतो. आम्ही तिघं डोकी घालून बसलो. माझे आले तीन लांब, दोन आखूड. रोहिदासचे तीन आणि तीन. नानांचे पाच, कारण मध्ये ते तंबाखू थुंकून आले. रोहिदासनं मोबाइलवर अर्थ काढले. माझ्या मोजणीनं डिझेलचा पंप गेला होता, त्याच्या मोजणीनं हवेचा पाइप, आणि नानांच्या मोजणीनं गाडीचा एसी बिघडला होता. एसी! माझ्या गाडीला धड काच नाही! तरी नाना म्हणतात, "मंग तो दुरुस्त करून घ्या ना."

शेवटी रोहिदासनं टॉर्च घेतली, सॉकेटमध्ये डोकावला, आणि मला म्हणतो, "भाऊ, हाई काय शे?" मी बघितलं. हळद. कुंकू. त्यात एक तांदळाचा दाणा. मला दसरा आठवला. मोठ्या मानानं नानांच्या हातून गाडीची पूजा केली होती. चाकं झाली, स्टेअरिंग झालं, आणि नानांनी विचारलं, "ह्याचं डोकं कुठी हाये?" मी शहाणा! मी सॉकेट दाखवलं, "नाना, हे डोकं. इथून कॉम्प्युटर बोलतो." मग त्यांनी मनोभावे, एकेका भोकाला, बोट बुडवून बुडवून... बोलणार कशी हो गाडी? तोंडात कुंकू कोंबलेलं!

रोहिदास ब्रश घेऊन साफ करायला लागला तर नाना आडवे. "देवाचं हाये ते, खाली पाडू नका." मग कागद धरला, सगळं कुंकू कागदावर झेललं, नानांनी पुडी बांधून खिशात ठेवली, आणि मग वायर जोडली.

आणि गाडी बोलली! तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रोहिदास वाचतो, "ब्रेक आनि अ‍ॅक्सिलेटर, दोन्ही संगेसंगे दाबेल शेतस. म्हनून कॉम्प्युटरनी गाडी हळू करी. भाऊ, तुम्ही ब्रेकवर पाय ठी गाडी चालवतस का?" मी म्हटलं, छे, वेडा आहे का मी? आणि केबिनमध्ये नजर गेली... काठी. काठीचं टोक ब्रेकवर टेकलेलं. मागचे लाल दिवे वाटभर चालू, म्हणून ते हॉर्न! रोहिदासनं काठीकडं बघितलं, मग नानांकडं, मग माझ्याकडं. मी डोळ्यांनीच त्याच्या पाया पडलो.

नाना म्हणाले, "काय निंघालं?"

मी म्हटलं, "माझाच पाय, नाना."

"मले वाटलंच."

रोहिदासनं बिघाड पुसला, दिवा विझला, मी पिसासारखा हलका झालो. नाना चढले, घोंगडी सारखी केली आणि काठी... पुन्हा तिथंच! मी सगळं धैर्य गोळा केलं, म्हटलं, "नाना, काठी मागं ठेवू का?" नाना म्हणाले, "काहून? अडचन होते?" मी म्हटलं, "नाही नाही, अडचण कसली?" "राहू द्या मंग. तुम्ही गाडी दामटता, वखत पडली तं दाबाले बरी." म्हणजे! म्हणजे ती चुकून नव्हती हो तिथं! माझ्यावर भरोसा नाही म्हणून माणूस ब्रेक हाताशी घेऊन बसला होता, आणि मी त्याच ब्रेकच्या पाया पडत होतो.

साक्री यायच्या आत दिवा पेटला. मी म्हटलं, पेट. रांगत रांगत सुरत गाठली, केळी मस्त पिवळी होऊन उतरली, व्यापाऱ्याला हवी होती हिरवी, त्यानं नाक मुरडलं, आणि नानांनी तिथंही एक केळ अंगठ्यानं दाबून दाखवलं.  आणि घरी सुनिता बोलली. जन्मभराचं सगळं त्या एका दिवसात.

आता माल पुन्हा चंदनकडं. परवा नाना त्याच्या गाडीत केळी भरून देऊन ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "नाना, तुम्ही नाही गेले संगं?" तर म्हणतात, "कसाले? चंदन चांगला चालोतो. अन् गाडी पाहावी तं त्याची, जावईबापू, कधी दिवा म्हनून पेटत नाही."

आणि काठी त्यांच्या मांडीवर होती.