कँटीनमधला निळा स्क्रीन

कंप्युटर बंद पडल्यावर स्क्रीनवर काय येतं ते कोण वाचतो, म्हणता? आम्ही वाचतो बाबा! रोह्याला केमिकल कंपनीत आहोत, तिथं प्रत्येक पाटी वाचावीच लागते.

परवा दुपारी कँटीनच्या लायनीत उभा होतो. कुपन देणाऱ्या कंप्युटरचा स्क्रीन एकदम निळा झाला आणि वर इंग्रजीत आलं, 'गंभीर बिघाड. यंत्रणा बंद होत आहे.' कसली यंत्रणा, कुठला बिघाड, काही नाही. माझ्या पुढच्या म्हात्रेने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "प्लँटची काय रे?"

उत्तर द्यायला थांबतो कोण? आम्हाला शिकवलंय, गॅस सुटला की आधी छपरावरच्या विंडसॉककडे, त्या वाऱ्याने फुगणाऱ्या कापडी नळीकडे बघायचं, वारा कुठं चाललाय ते बघायचं, मग पळायचं. सगळी लाईन मैदानात! विंडसॉकचं शेपूट वरसे गावाकडे, म्हणजे माझ्या घराकडे.

पळता पळताच बायकोला फोन लावला. "खिडक्या लाव गो, पोरांना आत घे!"

तेवढ्यात कंप्युटरवाला हसत आला. "अहो, फक्त कुपनचं मशीन बंद पडलंय. स्क्रीनवर तसंच येतं ते."

तसंच येतं! परत फोन लावला. "काय नाय झालं गो. उघड खिडक्या."

बायको म्हणाली, "काय नाय झालं, हे तर तुमची कंपनी नेहमीच सांगते. वारा कुठं हाय, तेवढं सांगा."

मी वर बघितलं. वारा अजून आमच्या घराकडेच चालला होता. खिडक्या बंदच राहिल्या.